विचार थांबवा म्हणणारा तो संदेश आणि बुद्धाचं ध्यान

आषाढी पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्षूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, लागतो, विदर्भातल्या गावोगावच्या विहारांत संध्याकाळचं ग्रंथवाचन सुरू होतं, आणि त्याच सुमारास व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर एक संदेश फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: बुद्धाचं ध्यान म्हणजे मन पूर्ण रिकामं करणं, एक विचार आला की ध्यान मोडलं. मांडी घातल्यावर कितीही दुखलं तरी हलायचं नाही. शेतीभाती, घरसंसार करणाऱ्याला हे साधत नाही, त्यासाठी शिबिरच हवं. एकवीस दिवस नेमानं केलं की दुःख कायमचं जातं. आणि बीपी, शुगर, झोपेच्या गोळ्या बंद करता येतात.

शेवटचा दावा जिवावर बेतू शकतो. पण गोंधळाची सुरुवात पहिल्यापासूनच आहे.

“एकही विचार येऊ द्यायचा नाही”

मज्झिम निकाय या पाली ग्रंथातल्या सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेच्या साधनेवरच्या बुद्धाच्या प्रवचनात, चित्ताच्या १६ अवस्था जोडीजोडीनं दिल्या आहेत: आसक्त चित्त आणि अनासक्त चित्त, द्वेष असलेलं आणि नसलेलं, आक्रसलेलं आणि विखुरलेलं, अशा आठ जोड्या. सगळ्यांना सूचना एकच, जसं आहे तसं जाणा. विखुरलेलं चित्त त्या यादीतच आहे. श्वास पाहता पाहता मन सोयाबीनच्या भावाकडे गेलं आणि पाच मिनिटांनी ते लक्षात आलं, तर ती पाच मिनिटं गेली खरी, पण लक्षात आलं त्या क्षणी स्मृती, म्हणजे सजगता, जागी झाली. तिथूनच पुढे जायचं. संदेश मात्र नेमक्या त्या क्षणाला “ध्यान मोडलं” म्हणतो, आणि नवा माणूस आठवड्याभरात “आपल्याच्यानं होत नाही” म्हणून उठून जातो.

विचार शांत होण्याची अवस्था सुत्तांत आहे, नाही असं नाही. ध्यानाच्या पहिल्या पायरीत वितर्क आणि विचार असतात, दुसरीत ते शमतात. पण तेवढ्यानं काम भागत असतं तर सिद्धार्थाला पुढे जायचं कारणच उरलं नसतं. आळार कालाम या गुरूकडे तो आकिंचन्यायतनापर्यंत, म्हणजे ‘काहीच नाही’ एवढंच उरतं त्या अवस्थेपर्यंत पोचला, उद्दक रामपुत्त या दुसऱ्या गुरूकडे त्याच्याही वरच्या, संज्ञा आहे-नाही म्हणता न येणाऱ्या अवस्थेपर्यंत. इतकी निश्चलता मिळूनही दुःखाचं मूळ शिल्लक राहतं हे त्याला दिसलं, आणि त्यानं दोन्ही गुरू सोडले. मन कोरं करण्याला बुद्धाचं ध्यान म्हणणाऱ्यांनी एवढा प्रसंग तरी वाचायला हवा होता.

मग नव्या माणसानं काय करायचं? विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या जुन्या पाली ग्रंथात श्वास मोजायची पद्धत दिली आहे. एक ते पाच मोजा, मग एक ते सहा, असं वाढवत एक ते दहा, आणि पुन्हा पाचापासून. पाचाच्या आत थांबलं तर मन कोंडल्यासारखं होतं, दहाच्या पुढे गेलं तर ते श्वास सोडून आकड्यांनाच धरून बसतं. मोजणी चुकली तर चिडायचं नाही, एकपासून घ्यायचं. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. नेहमीची चूक म्हणजे श्वास मुद्दाम लांब ओढणं. त्यानं छाती भरून येते, डोकं हलकं होतं, आणि काहींना तीच प्रगती वाटते. श्वासावरच्या आनापानसति सुत्तात श्वास आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायला सांगितलंय, लांबवायला नाही.

झोप येत असेल तर त्यावरचे उपाय बुद्धानं आपल्या पट्टशिष्याला, महामोग्गल्लानाला, क्रमानं सांगितले आहेत. त्यात कान ओढणं, अंग चोळणं, डोळ्यांवर पाणी मारून चांदण्यांकडे पाहणं, येरझारा घालणं हे सगळं येतं, आणि काहीच चाललं नाही तर उठायची वेळ मनाशी ठरवून उजव्या कुशीवर झोपणं. महामोग्गल्लानाला झोप येत होती, तर दिवसभर निंदण करून आलेल्या बाईला आली म्हणून तिनं शरमायचं कशाला?

“दुखलं तरी हलायचं नाही”

मज्झिम निकायातल्या सेख सुत्तात बुद्ध कपिलवस्तूच्या शाक्यांपुढे आपल्या आनंद नावाच्या शिष्याला म्हणतो, माझी पाठ दुखतेय, पुढचं तू सांग. आणि आडवा होतो. सोण कोळिविस या भिक्षूचे पाय चालून चालून रक्ताळले तेव्हा त्याला वीणेच्या तारेचा दाखला मिळाला, फार ताणलेली वाजत नाही, ढिलीही वाजत नाही.

वेदनेकडे पाहायचं ते वेगळ्या कारणासाठी. सल्लत्थ सुत्तात दोन बाण आहेत. शरीराचं दुखणं हा पहिला, त्यावरची तगमग आणि चीड हा दुसरा. साधना दुसऱ्या बाणासाठी आहे, पहिला मुद्दाम रुतवून ठेवण्यासाठी नाही. बैठकीत पायाला मुंग्या आल्या किंवा पाठीत ओढ लागली तर थोडा वेळ पाहा: जागा कुठली, वाढतंय की ओसरतंय, “कधी संपेल हे” असं मन कधी म्हणायला लागलं. मग हलावंसं वाटलं तर तो हेतू जाणून सावकाश हला. गुडघ्यात सुरीसारखी कळ आली तर मात्र लगेच पाय मोकळा करा, सांध्याशी तपश्चर्या नको. पाय बधिर असताना एकदम उभं राहू नका, पडायला होतं.

उकिडवं बसून कामं करणाऱ्यांचे गुडघे आधीच झिजलेले असतात. सतरंजीची किंवा गोधडीची चार बोटं जाड घडी बुडाखाली घ्या, म्हणजे गुडघे कंबरेच्या खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ राहते. नाहीच जमलं तर खुर्ची, तळपाय जमिनीला टेकलेले. आणि वैशाखात टिनाच्या छपराखाली बसायचं तर पहाटेच, ऊन चढल्यावर नाही.

“संसारी माणसाचं हे काम नाही”

कंदरक सुत्तात पेस्स नावाचा हत्तिवाल्याचा मुलगा बुद्धाला सांगतो की आम्ही पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थसुद्धा वेळोवेळी चार सतिपट्ठानांत, म्हणजे शरीर, वेदना, चित्त आणि धर्म यांच्या सजगतेत, चित्त स्थिर करून राहतो. बुद्ध त्याला खोडून काढत नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेत ज्या २२ प्रतिज्ञा घेतल्या गेल्या त्यातली अकरावी अष्टांगिक मार्गाची आहे. सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी ही त्या मार्गाचीच अंगं, आणि ती प्रतिज्ञा घेणारे लाखो लोक संसारीच होते.

शिबिराचा उपयोग आहेच, पण उरलेल्या वर्षाचं काय? सतिपट्ठान सुत्तात हात आखडताना, पसरताना, खाताना, बोलताना, गप्प बसताना जाणीव ठेवायला सांगितलंय. कापूस वेचताना पाहा. बोटं बोंडात शिरतात, वाळल्या बोंडाचं टोक नखाच्या कडेला टोचतं, कापूस ओटीत पडतो. टोचलं हे कळलं. त्यामागून “एवढ्या मजुरीत काय होते” ही चिडचिड उठली, तीही कळली. मजुरी किलोवर असते, म्हणून हात मंद करायची गरज नाही, फक्त मन हाताबरोबर हवं. डोळे मात्र उघडेच ठेवा, वावरात साप-विंचू असतात.

“एकवीस दिवसांत दुःख कायमचं संपतं”

सतिपट्ठान सुत्ताच्या शेवटी सात वर्षांपासून सात दिवसांपर्यंतचे कालावधी आहेत. ते साधना पूर्णपणे करणाऱ्यासाठी सांगितलेत, आणि एकवीस हा आकडा त्यात नाही. शिवाय अष्टांगिक मार्गाच्या आठपैकी तीन अंगं वाणी, कर्म आणि आजीविका यांची आहेत. रोज रात्री दारू पिऊन सकाळी श्वास पाहणाऱ्याचा हिशोब एकवीस महिन्यांतही जुळणार नाही.

“गोळ्या बंद करा”

करू नका. भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकात औषधांचा एक अख्खा विभाग आहे. तूप, लोणी, तेल, मध, काकवी ही आजारी भिक्षूंची औषधं म्हणून त्यात नोंदली आहेत, आणि खुद्द बुद्धावर जीवक नावाचा वैद्य उपचार करत असे. पुढे विपश्यनेचे आचार्य झालेले सत्यनारायण गोएंका १९५५ मध्ये मायग्रेनसाठी रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा विपश्यना डोकेदुखी घालवण्यासाठी नाही, असं त्यांना सुरुवातीलाच ऐकवलं गेलं.

वाढलेलं बीपी बहुतेकदा जाणवतच नाही, त्यामुळे बैठकीनंतर बरं वाटलं म्हणून ते उतरलं असं होत नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी बसलेल्याला घाम सुटला, हात थरथरले तर त्याला प्रीती, म्हणजे ध्यानातला आनंद, समजू नका. साखर घसरली असू शकते, लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाका. झोपेच्या आणि मनाच्या गोळ्या एकदम तोडल्या तर त्रास उलटतो, कमी करायच्या तर डॉक्टरला विचारूनच.

डोळे मिटल्यावर जुनी भीती किंवा कर्जाची धास्ती अंगावर येत असेल तर बसणं थांबवा. डोळे उघडे ठेवून अंगणात चाला, तळपायाला जमीन लागते तेवढंच जाणा, कोणाला तरी सोबत घ्या. जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ वर फोन करा, तो दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत.