राजाच्या झग्यावरचं जनावर

नाणी जमवणाऱ्या माणसाला नातेवाइकांत फारसा मान नसतो. ‘चिल्लर गोळा करतो’ एवढीच त्याची ख्याती. लक्ष्मीपूजनाला मावशीकडे ताम्हनातल्या बंद्या रुपयांवर मी ओणवा झालो, तर तिला वाटलं नमस्कार करतोय. तिला भरूनच आलं.

ताम्हनात पंचम जॉर्जचा रुपया होता. साल १९११! माझ्या घशाला कोरड पडली.

या रुपयाची गंमत अशी, की राजाच्या झग्यावर बारीकसा हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड, की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने रुपये मागे घेतले, बहुतेक वितळवले आणि १९१२ पासून हत्तीला नीट दिसेल अशी सोंड दिली. तेव्हापासून हा ‘डुकराचा रुपया’ मिळवायला आमच्यासारखे लोक जीव टाकतात.

मी भिंग काढलं. अक्षरांच्या फटींत हळदकुंकू घट्ट बसलेलं. दर दिवाळीला रांगोळीने घासून राजाचं नाक सपाट झालेलं. (जुनं नाणं घासायचं नसतं, हे दिवाळीच्या आदल्या दिवशी कुठल्याही घरात सांगून बघा.) मागे फुलाखाली ठिपका, म्हणजे मुंबई टांकसाळ. आणि जनावर शाबूत!

“मावशी, हा मला देतेस?”

“का रे? काय आहे त्यात एवढं?”

देवघरासमोर डुक्कर म्हणवेना. “राजाच्या अंगावर हत्ती आहे,” म्हणालो.

“हत्ती? अगंबाई, गजलक्ष्मीच की! मग तर मुळीच नाही देणार.”

आता नाइलाज होता. आवाज खाली आणून खरं काय ते सांगितलं. वाटलं, सोवळ्यातली बाई, ताम्हनच उचलून माझ्या हातात देईल. मावशीने चष्मा लावला, राजाकडे निरखून पाहिलं आणि हात जोडले. “वराह अवतार! लक्ष्मीचा नवराच तो. त्यांची ताटातूट करायला निघालास होय?”

शेवटी देवाणघेवाणीवर गाडी आली. मी सोनाराकडचं दहा ग्रॅमचं लक्ष्मीचं नाणं देऊ केलं.

“माझा रुपया तोळ्याचा आहे.”

खरंच होतं. रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. मी म्हटलं, “पण त्यात बारा भागांतले अकराच भाग चांदी. माझी शुद्ध आहे.”

“ती सोनाराची. ही राजाची.”

फरकाचे पैसे मोजले, वर मावशीला वाकून नमस्कार केला, तेव्हा कुठे रुपया माझ्या खिशात आला. दाराशी पोचतो तोच मागून हाक आली.

“अरे, डब्यात एक राणीचाही आहे. तिच्या अंगावर कुठलं जनावर असतं ते आधी सांग, मग बोलू.”