२०२३ मध्ये जग संपेल असं ग्रेटा म्हणालीच नव्हती

गेली दोन-तीन वर्षं एक मजकूर आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरून फिरून येतो. त्याचा सारांश असा: हवामानबदलाविरुद्ध आंदोलन करणारी स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग म्हणाली होती की २०२३ मध्ये जग संपेल, ते काही संपलं नाही, ती शाळा सोडलेली, आईवडिलांनी पुढे केलेली बाहुली आहे, चीनपुढे गप्प बसते आणि भारताची बदनामी करते, आणि एवढं करून तिने साधलं काय? मी विज्ञान शिकवतो. हेच आता नववीच्या मुलांच्या तोंडून ऐकू येऊ लागलं, म्हणून लिहितो आहे.

आधी ते २०२३. जून २०१८ मध्ये, शाळा बुडवून संसदेसमोर बसण्याचा तिचा संप सुरू होण्याच्या दोन महिने आधी, पंधरा वर्षांच्या ग्रेटाने एका लेखातलं वाक्य ट्विट केलं. पुढच्या पाच वर्षांत जीवाश्म इंधनांचा वापर थांबवला नाही, तर हवामानबदल सगळ्या मानवजातीला पुसून टाकेल, असा इशारा एका मोठ्या शास्त्रज्ञाने दिला आहे, असा त्याचा अर्थ. पाच वर्षांची मुदत होती ती इंधन थांबवायची, माणसं मरायची नव्हे. ‘पाच वर्षांत तंबाखू सोडली नाहीत तर ती तुमचा जीव घेईल’ असं डॉक्टर म्हणाले, आणि सहाव्या वर्षी माणूस चालता-फिरता दिसला, तर डॉक्टर खोटे ठरतात का?

पण त्या वाक्यात खरीखुरी चूक होती, आणि तीही सांगायलाच हवी. ज्यांच्या नावावर ते खपवलं गेलं ते हार्वर्डचे जेम्स अँडरसन आर्क्टिकच्या कायमस्वरूपी बर्फाबद्दल बोलले होते. लेखाने बर्फाच्या जागी मानवजात घातली. बर्फाबद्दलचं त्यांचं भाकीतही फार घाईचं ठरलं. उन्हाळ्यातला तो बर्फ घटतो आहे, पण संपलेला नाही. ग्रेटाने मार्च २०२३ मध्ये ते ट्विट काढून टाकलं. गुपचूप काढण्यापेक्षा उघड दुरुस्ती केली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. तरीही एका चुकीच्या लेखाचा दुवा पुढे पाठवणं वेगळं आणि जगबुडीची तारीख जाहीर करणं वेगळं.

शाळेचं थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये तिने नववी चांगल्या गुणांनी पूर्ण केली, एक वर्ष सुट्टी घेतली, ऑगस्ट २०२० मध्ये ती पुन्हा वर्गात बसली आणि ९ जून २०२३ रोजी शालेय शिक्षण संपवून बाहेर पडली. तो तिच्या संपाचा २५१वा आठवडा होता.

बाहुलीचा आरोप मात्र मला फार लागतो. अकराव्या वर्षी या मुलीने जेवण जवळजवळ सोडलं होतं. दोन महिन्यांत दहा किलो वजन उतरलं. ती मोजक्या माणसांशीच बोलायची. तिला ॲस्पर्जर (स्वमग्नतेचा एक प्रकार) असल्याचं निदान झालं. हे सगळं कॅमेरे येण्याच्या कितीतरी आधीचं. आई मालेना एर्नमान ही नावाजलेली ऑपेरा गायिका, २००९ च्या युरोव्हिजन या युरोपीय गानस्पर्धेत स्वीडनतर्फे गायलेली. मुलगी घरात हवामानबदलाचे आकडे मांडत राहिली, तेव्हा आईने विमानप्रवास सोडला आणि त्यापायी परदेशातले कार्यक्रमही सोडले. शाळा बुडवून संसदेसमोर बसायची कल्पना वडिलांना पसंत नव्हती, हे त्यांनी बीबीसीला स्वतः सांगितलं आहे. बाहुली म्हणायचं तर दोरी कोणाच्या हातात होती, हे यावरून ठरवा.

२० ऑगस्ट २०१८ ला ती हाताने रंगवलेला फलक घेऊन स्टॉकहोममध्ये संसदेच्या भिंतीशी एकटी बसली. त्या जुलैत शहराने अडीचशे वर्षांतला सर्वाधिक उकाडा पाहिला होता, आर्क्टिक वृत्ताच्या आतही जंगलं पेटली होती. पहिल्याच दिवशी तिचा फोटो पसरवणाऱ्या एका उद्योजकाच्या कंपनीने पुढे गुंतवणूकदारांसाठीच्या माहितीपत्रकात तिचं नाव वापरलं, तिला न विचारता. तिने संबंध तोडले. २०२० च्या गुल्बेंकियन पुरस्काराचे दहा लाख युरो तिने वाटून टाकायचे ठरवले; त्यातला एक वाटा बांगलादेश आणि भारतातल्या पूरग्रस्तांसाठी होता.

आता भारत आणि चीन. सप्टेंबर २०१९ मध्ये सोळा मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार केली, त्यात ग्रेटा होती. तक्रार होती अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्याविरुद्ध. भारताचं त्यात नाव नाही. उलट तक्रारदारांत हरिद्वारची रिधिमा पांडे होती. मे २०२१ मध्ये ग्रेटाने चीनचं नाव घेऊन लिहिलं की त्या देशाने दिशा बदलल्याशिवाय हे संकट सुटणार नाही. त्यावर तिथल्या सरकारी वृत्तपत्राने तिच्या वजनावरून टीका केली. गप्प बसणाऱ्याची कोणी अशी दखल घेत नाही.

राहिलं ते शेतकरी आंदोलनाचं टूलकिट, म्हणजे आंदोलनाला पाठिंबा कसा द्यायचा याचं ऑनलाइन टिपण. तिने ते फेब्रुवारी २०२१ मध्ये शेअर केलं, आणि ते तयार करण्यात हात असल्याच्या आरोपावरून बंगळुरूची बावीस वर्षांची दिशा रवी तुरुंगात गेली. आपल्या बीडच्या एका तरुण अभियंत्याला अटकेपासून औरंगाबाद खंडपीठाकडून तात्पुरता दिलासा घ्यावा लागला, मुंबईच्या एका वकील तरुणीला मुंबई उच्च न्यायालयाकडून. २३ फेब्रुवारीला न्यायाधीश धर्मेंदर राणा यांनी दिशाला जामीन देताना पुरावा तोकडा असल्याचं म्हटलं. सरकारांच्या दुखावलेल्या अहंकारावर फुंकर घालायला राजद्रोहाचं कलम वापरता येत नाही, असंही लिहिलं, आणि ऋग्वेदातली ऋचा दिली: ‘आ नो भद्राः क्रतवो यन्तु विश्वतः’. चांगले विचार सगळीकडून येवोत. जो आदेश ही ऋचा घेऊन आला, तो त्या ग्रुपवर कोणीच पाठवला नाही.

आणि साधलं काय? उत्सर्जन घटलेलं नाही, हे खरं आहे. २०२३ मध्ये जीवाश्म इंधनांतून सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. पुढाऱ्यांच्या आश्वासनांतून काही होत नाही, हे ग्रेटाच सर्वांत मोठ्याने सांगते आहे. पण डिसेंबर २०१८ मध्ये पोलंडमध्ये कातोवित्से इथल्या हवामान परिषदेत तिला भेटून लुईसा नॉयबाउअर नावाची तरुणी जर्मनीला परतली आणि तिने तिथे शुक्रवारचे संप उभे केले. सप्टेंबर २०१९ मध्ये एकाच दिवशी, संयोजकांच्या मोजणीनुसार, जर्मनीत १४ लाख लोक रस्त्यावर होते. लुईसा आणि इतर तरुण पुढे घटनात्मक न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटलं की हवामान कायदा २०३० नंतरचा भार तरुणांवर ढकलतो, म्हणून तो अंशतः घटनाबाह्य आहे. काही आठवड्यांतच सरकारने २०३० चं कपातीचं उद्दिष्ट ५५ वरून ६५ टक्क्यांवर नेलं. हे श्रेय एकट्या ग्रेटाचं नाही, पण तिच्याशिवाय ही साखळी मला जोडता येत नाही.

१८ सप्टेंबर २०१९ ला अमेरिकी काँग्रेसच्या समितीने तिला साक्षीला बोलावलं. तिने भाषण लिहून नेलं नाही. दीड अंश तापमानवाढीवरचा आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय मंडळाचा अहवाल तिने समितीपुढे ठेवला आणि सांगितलं, माझं नको, शास्त्रज्ञांचं ऐका. ग्रुपवर तो मजकूर पुन्हा आला की उत्तर म्हणून मीही आता तोच अहवाल पाठवतो.