त्या चौकटीतून गर्भाला एक्स-रे लागत नाही

सातवा महिना लागलेली माझी भाची परवा तारखेला गेली आणि कोर्टाच्या फाटकातल्या धातू शोधणाऱ्या चौकटीपासूनच परतली. "मामा, त्या चौकटीतून गेलं तं लेकराले एक्स-रे लागते. मोबाइलवर आलं हाये." दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात तो मजकूर घरोघरी पोचलाय: तपासणीच्या यंत्रानं गर्भ बिघडतो, पोलिसांना कपड्याआतलं अंग दिसतं, मशीनमधून गेलेला डबा विषारी होतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला गप्प बसवत नाही.

कोर्टातल्या, यात्रेतल्या चौकटीत एक्स-रे नसतोच. दोन्ही खांबांत तारेची वेटोळी असतात, त्यांतून सौम्य चुंबकीय क्षेत्र तयार होतं. विळा, चाकू किंवा बक्कल आलं की त्या धातूत क्षणभर वीज फिरते, तिचं उलट क्षेत्र वेटोळ्याला जाणवतं आणि चौकट वाजते. तिथं चित्र उमटतच नाही, मग अंग दिसणार कुठून?

अंग दिसण्याची गोष्ट मात्र पूर्ण खोटी नाही. अमेरिकेतल्या विमानतळांवर एक्स-रेचे स्कॅनर होते आणि त्यांत शरीराची आकृती दिसायची. लोक चिडले, ते रास्तच होतं. 2013 साली ती यंत्रं तिथून काढली. त्यांचा डोसही एका वेळी 0.1 मायक्रोसिव्हर्टच्या (किरणांचा डोस मोजायचं माप) आत. माती, हवा, आकाशातून आपल्याला तेवढा साधारण अर्ध्या तासात मिळतोच. आता विमानतळांवर मिलिमीटर लहरींचे स्कॅनर असतात, बरेचसे 24 ते 30 गिगाहर्ट्झचे. या लहरी कपड्यातून जातात, पण कातडीतल्या पाण्याशी अडतात. गर्भापर्यंत पोचत नाहीत. लपवलेली वस्तू प्लास्टिकची असली तरी सापडते, आणि पडद्यावर सगळ्यांसाठी एकच साधा पुतळा दिसतो, संशयाच्या जागी फक्त चौकोन.

एक्स-रे आहे तो सामानाच्या मशीनमध्ये. शिशाचे पडदे त्याला आत अडवतात. दिवा विझल्यावर उजेड डब्यात साठून राहत नाही, तसेच ते किरण भाकरीत राहत नाहीत. डबा खुशाल खा. फक्त स्वतः त्या पट्ट्यावर हात घालू नका.

जपायला हवं ते पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र, छातीत बसवलेल्या माणसानं, आणि त्या मजकुरात नेमकं तेच नाही. त्यानं आधी शिपायाला सांगावं, चौकटीत न थांबता नेहमीच्या चालीनं पुढं जावं, आणि हातातला डिटेक्टर छातीवर धरू देऊ नये.