पुराच्या आधी कोणी खेळत नव्हतं का?

लहान मुलांसाठी लिहू पाहणाऱ्यांना एका लेखात सल्ला दिलाय की गोष्टीतल्या वेगळ्या मुलाने शेवटी काहीतरी मोठं करून दाखवावं, म्हणजे बाकीची मुलं त्याला आपलं म्हणतात. नेमकं इथेच पटलं नाही. ज्याला काहीच करून दाखवता आलं नाही, त्याने काय डबा एकट्यानेच खायचा?

माझी भाची नऊ वर्षांची, दोन्ही कानांना मशीन. सेल १३ नंबरचा, त्यावर केशरी स्टिकर. तो काढायचा, मिनिटभर हवा लागू द्यायची, मग सेल बसवायचा. वर्गात सेल संपला की स्टिकर कोणी काढायचा यावरून पोरींची भांडणं! आपण हिला 'स्वीकारलंय' वगैरे त्यांच्या गावीही नाही. गणपतीत नाशिक ढोल सुरू झाला की ही शांतपणे मशीन काढून डबीत ठेवते, आणि आम्ही धडधाकट कानवाले हाताने कान दाबून उभे.

मध्यंतरी तिला अशीच एक गोष्ट वाचून दाखवली. ऐकू न येणारा मुलगा पुरातून गाव वाचवतो, मग सगळे त्याचे मित्र होतात. दर पावसाळ्यात नाशिकला गोदेचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं ते बघणारी पोरगी ती. म्हणाली, "मावशी, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की सगळ्यांनाच कळतं की!" आणि मग जरा थांबून, "पण पुराच्या आधी त्याच्याशी कोणी खेळत नव्हतं का?"

मी पुस्तक मिटलं.