रक्त दाखवून काटा खाली येत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो प्रकार आला. कंटेनरच्या चाकाखाली गेलेली दुचाकी, कुणीतरी जवळ जाऊन मोबाइलवर घेतलेली. वर सूचना की काळीज घट्ट करून बघा आणि घरातल्या पोरांना मुद्दाम दाखवा. खाली मोठा मजकूर होता. त्याचं सार असं: खरे व्हिडिओ बघितले की माणूस हादरतो आणि सुधारतो, परदेशात हे दाखवतात म्हणून तिथे अपघात कमी, आपलं सरकार दाखवत नाही म्हणून माणसं मरतात, ज्यांना बघवत नाही ते पळपुटे. दहा मिनिटांत सतरा अंगठे.

हादरतो, हे खरंच. असाच एक व्हिडिओ बघून मी एकदा स्कूटर काढली, तर सिंहगड रोडवर काटा ३५ च्या पुढे जाऊ दिला नाही. मागचे हॉर्न मारून वैतागले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशीर झाला होता आणि काटा नेहमीसारखा ५५ वर. व्हिडिओ आठवलाच नाही, कारण नजर सिग्नलच्या उलट्या मोजणीवर होती.

बरं, ही भीती सगळ्यांना एकाच दिशेने ढकलते असंही नाही. १९९९ मध्ये इस्रायलमधल्या मानसशास्त्रज्ञांनी तरुण सैनिकांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. आपल्या ड्रायव्हिंगचा ज्यांना अभिमान होता, त्यांना मृत्यूची आठवण करून दिल्यावर ते जास्त धोका पत्करायला तयार झाले. म्हणजे फॉरवर्ड ज्या पोरांसाठी आहे, नेमकी तीच. 'त्याला चालवता येत नव्हती' हे वाक्य अशा व्हिडिओखाली किती वेळा वाचलंय, आठवून बघा.

टेक्सासचा अनुभव तर आणखी चमत्कारिक. तिथे हायवेवरच्या डिजिटल फलकांवर दर महिन्यातला एक आठवडा 'यंदा रस्त्यांवर इतके मृत्यू' असा आकडा झळकायचा. दोन संशोधकांनी त्या आठवड्यांची बाकीच्या आठवड्यांशी तुलना केली. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आला: आकडा दिसल्यावर पुढच्या १० किलोमीटरमध्ये अपघात ४.५ टक्क्यांनी वाढले. नुसता आकडा होता, रक्त नव्हतं. तरी डोक्यात तो घोळत राहिला आणि रस्त्यावरचं लक्ष उडालं, असं ते सांगतात.

आता परदेशाचा दाखला. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मॅन्सफिल्ड गावच्या एका गटाने १९५९ पासून खऱ्या अपघातस्थळांच्या, खऱ्या प्रेतांच्या फिल्म्स काढल्या आणि त्या ड्रायव्हिंगच्या वर्गांत सर्रास दाखवल्या गेल्या. १९७२ साली अमेरिकेतले रस्ते-मृत्यू ५४ हजारांवर गेले, तो तिथला आजवरचा उच्चांक. गाड्याही तेव्हा भराभर वाढत होत्या, त्यामुळे दोष फिल्म्सना देणार नाही. पण मग श्रेयही देता येत नाही.

या दाव्याच्या बाजूने बोलणारं सगळ्यात वजनदार उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचं, आणि ते टाळणं बरोबर नाही. १९८९ च्या डिसेंबरपासून तिथे टीव्हीवर अंगावर येणाऱ्या जाहिराती सुरू झाल्या. त्या वर्षी मृत्यू ७७६ होते, १९९२ मध्ये ३९६. निम्मे! पण त्याच सुमारास तिथे दारूच्या तपासणीच्या बस रस्तोरस्ती उभ्या राहिल्या आणि स्पीड कॅमेरेही आले. श्रेय कुणाला किती, यावर अभ्यासकांचं भांडण झालं. शिवाय त्या जाहिराती नटांनी केलेल्या होत्या. कुणाच्या मुलाचं प्रेत त्यात नव्हतं.

'सरकार दाखवत नाही म्हणून मरतात' यावर फार लिहायची गरज नाही. ३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे गेले. मागच्या सीटवर होते. बेल्ट लावला असता तर वाचले असते, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन म्हणाले. सगळा महाराष्ट्र हळहळला. आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ ला, पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, पुन्हा मागची सीट आणि पुन्हा बेल्ट नाही. मधल्या आठ वर्षांत आपल्यापैकी किती जण मागे बसून बेल्ट लावत होतो? त्याच २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यातली सुमारे ५० हजार हेल्मेटविना. उलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते, ते पुढे निम्म्याहून खाली आले. त्यासाठी कुणाला प्रेतं दाखवावी लागली नाहीत. पुलांच्या खांबांपुढे कठडे बसवले, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांचा बंदोबस्त केला, रुग्णवाहिका लवकर पोहोचेल असं बघितलं.

आणि पळपुटेपणा. त्या दुचाकीची नंबरप्लेट व्हिडिओत स्पष्ट दिसत होती. पोलिसांचा फोन जायच्या आधी तो व्हिडिओ त्या घरात पोहोचला असेल तर? मोबाइल धरणारा हात मोकळा असता तर रक्त दाबून धरता आलं असतं. मदत करणाऱ्यामागे पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच संरक्षण दिलंय, २०१९ पासून ते मोटार वाहन कायद्यातही आहे. ही माहिती मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड गाडीमुळे अनेक वाहनांचं नुकसान झालं. व्हिडिओत चेपलेल्या मोटारींची रांग दिसते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंतचा लांबलचक उतार त्यात दिसत नाही. या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात, मग इंजिन गाडीला रोखत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि नेमके खाली येऊन ब्रेक लागत नाहीत. जुने ट्रकवाले क्लीनरला पहिल्या घाटातच शिकवतात: ज्या गिअरवर चढलास, त्याच गिअरवर उतर.

मी हे ग्रुपवर टाकलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, याचा व्हिडिओ आहे का?