डबा हवाय, फेस नकोय!

१९९३ च्या 'जुरासिक पार्क'मध्ये पार्कचा संगणकतज्ज्ञ नेड्री डायनासोरचे भ्रूण ज्यात चोरतो, तसाच बार्बासॉलचा डबा मला संग्रहासाठी हवाय. सोन्याची मूर्ती नाही हो, दाढीच्या फेसाचा डबा! स्वस्तातला, संपला की कचऱ्यात. आणि तेच तर दुखणं आहे, सगळ्यांनी खरंच टाकला!

आता विकणारे काय म्हणतात? "व्हिंटेज." म्हणजे गंजलेला. साल विचारलं की "खूप जुना आहे सर." अहो, १९६० चा जुना आणि १९९३ चा जुना एकच का? पट्टे बघा, अक्षरं बघा, टोपण बघा! फोटो मागावा तर अंधारातला, तोही मागच्या बाजूचा. एकाने तर 'ओरिजिनल' म्हणून चक्क डायनासोर छापलेला डबा दाखवला. तो नंतरच्या चित्रपटांच्या जाहिरातीचा! नेड्री चोरीला निघालाय, डब्यावर डायनासोर मिरवत जाईल का?

आणि नेमका सापडलाच, तर भरलेला. गॅसचा डबा हवाई पार्सलात कोण घेतं? रिकामा करून पाठवा म्हटलं, तर महाशयांनी खिळा ठोकून भोक पाडलं. कुठे? बुडाला नाही, बरोब्बर नावावर!