करिअरचं चॅटबॉटला विचारा, पण उलटंही विचारा

बारावीचा निकाल लागला की पुण्यात घरोघरी एकच विषय: सीईटीला पर्सेंटाइल किती आणि कॉम्प्युटरला कुठे नंबर लागेल. इंजिनिअरिंग, मेडिकल, नाहीतर सीए. यापलीकडे काय काय असतं हे आपल्यालाच धड माहीत नसतं, तर मुलांना काय सांगणार? म्हणून मुलं चॅटबॉटला विचारतात याचं मला मनापासून बरं वाटतं.

मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. मागे एका विद्यार्थिनीने स्टाफरूममध्ये माझ्यासमोरच मोबाइलवर मराठीत टाइप केलं, ‘मला नकाशे आवडतात, पाऊस कुठे का पडतो ते वाचायला आवडतं, गणिताची भीती वाटते. पुढे काय करू?’ उत्तरात हवामानशास्त्र, जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळण्याचं तंत्र), भूजल, नगररचना असं बरंच काही आलं. ही मुलगी रोज शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या स्टॉपवर उतरते. ते ऑफिस हवामान खात्याचं आहे आणि १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून ते नाव पडलं, हे तिला त्या दिवशी कळलं. पाषाणला आयआयटीएम ही हवामानाच्या संशोधनाची संस्था आहे, विद्यापीठात वातावरणशास्त्राचा विभाग आहे, हेही.

पण गणिताचं काय? तर चॅटबॉट म्हणे, ‘काळजी करू नकोस, आवड असेल तर सगळं जमतं.’ मला हे अजिबात पटलं नाही. वातावरणाचा अभ्यास म्हणजे वाहत्या हवेचं गणित, समीकरणांशिवाय तो पुढे सरकत नाही. चॅटबॉट आपल्या कलाने घेतो, ही त्याची खोड ओळखून राहा. मी तिला म्हटलं, ‘आता विचार, हे क्षेत्र माझ्यासाठी का नाही ते स्पष्ट सांग.’ मग सगळं बाहेर आलं: बीएस्सीला फिजिक्स-मॅथ्स हवं, डिफरन्शिअल इक्वेशन्स, कोडिंग, सरकारी जागा मोजक्या. ती हिरमुसली. पण जीआयएसबद्दल नीट चौकशी तिने त्यानंतरच सुरू केली.

कटऑफ मात्र त्याला विचारूच नका. तो दरवर्षी, राऊंडनुसार, कॅटेगरीनुसार बदलतो आणि चॅटबॉट जुना आकडासुद्धा बिनदिक्कत ठोकून देतो. २०२५ला इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंड (केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या) तीनाच्या चार झाल्या, पहिल्या राऊंडला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की सीट तिथेच पक्की, असा नियम आला. जुन्या माहितीवर ऑप्शन फॉर्म भरला तर वर्ष मुलाचं जातं. सीईटी सेलच्या साइटवरची पीडीएफ उघडून स्वतः बघा.

आणि आईबाबांनो, मुलांचं चॅट चोरून वाचू नका. शेजारी बसून, त्यांना विचारून वाचा. त्यांना काय आवडतं हे तुम्हाला कदाचित तिथेच पहिल्यांदा कळेल.

त्यानंतर मात्र माणसं भेटायला हवीत. दिवसभर नेमकं काय करता, सुरुवातीला पगार किती होता, कंटाळा कशाचा येतो, हे ते काम करणाऱ्याच्या तोंडून ऐकावं. एनसीएल (रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा), आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था), डेक्कन कॉलेज, हवामान खातं, महापालिकेचा नगररचना विभाग, कुठेही काम करत असाल आणि बारावीच्या एखाद्या मुलाला अर्धा तास देऊ शकत असाल, तर कमेंटमध्ये लिहा. मी मुलांना तुमच्याकडे पाठवते.